नऊच्या रांगेतले देश

नव्वदच्या दशकात ज्यांनी एसटीडी-पीसीओच्या काचेच्या केबिनमध्ये उभे राहून फोन केला आहे, त्यांना भिंतीवर चिकटवलेला तक्ता आठवत असेल. वरच्या भागात आपल्या देशातील शहरांचे एसटीडी कोड आणि खाली परदेशांचे आयएसडी कोड. अमेरिका १, ब्रिटन ४४, सौदी अरेबिया ९६६, दुबईवाल्यांचा ९७१. हाच तक्ता टेलिफोन डिरेक्टरीच्या सुरुवातीच्या पानांत असे, नव्या वर्षाला दुकानदार वाटत त्या डायऱ्यांच्या मागेही असे. पुढे संगणक आले आणि त्या तक्त्याचा एक छोटासा प्रोग्राम झाला. खिडकीत देशाचे नाव टाकले की नंबर यायचा, नंबर टाकला की देशाचे नाव. आता तेवढेही करावे लागत नाही. अनोळखी फोन आला की मोबाइलच पडद्यावर देशाचे नाव दाखवतो.

अशा तक्त्याला कोणी इतिहासाचे साधन म्हणणार नाही. ते काम ताम्रपट, फर्माने आणि गॅझेटियर यांचे. पण ही यादी नीट वाचली तर तिच्यात विसाव्या शतकाचा राजकीय इतिहास सापडतो, फक्त तो तारखांऐवजी अंकांत लिहिलेला आहे. जगाने कोणाला देश मानले, कोणाला दुसऱ्याच्या खात्यात टाकले, कोणाला वाट पाहायला लावली, हे सगळे तिच्यात नोंदलेले आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. आपला जिल्हाच जवळपास शंभर वर्षे कागदावर एकाचा आणि कारभारात दुसऱ्याचा होता.

तारेचा काळ

देशांची अशी यादी ठेवण्याची गरज टेलिफोनच्या आधी तारेने निर्माण केली. १८६५ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय तार संघ स्थापन झाला. आज ज्याला आपण आयटीयू म्हणतो, ती हीच संस्था. १८६९ मध्ये भारत तिचा सदस्य झाला. तेव्हा देश गुलाम होता, कलकत्त्यात राणीच्या नावाने कारभार चालत होता, पण तारेच्या हिशेबात भारताचे वेगळे खाते उघडले गेले. पुढच्याच वर्षी, १८७० मध्ये, मुंबईहून एडन आणि सुएझमार्गे इंग्लंडपर्यंत समुद्राखालून तार जोडली गेली.

ही तार वऱ्हाडातल्या कास्तकारापासून दूर नव्हती. इथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांत जात होता. यवतमाळ ते मूर्तिजापूर पूर्वी धावणारी आपली 'शकुंतला' ही रेल्वे मुळात कापसाच्या गाठींसाठीच टाकलेली. लिव्हरपूलच्या बाजारात भाव हलला की तारेने मुंबईला कळायचे आणि तिथून वऱ्हाडच्या जिनांपर्यंत पोहोचायचे. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून मोठे व्यापारी टेबलावर जाडजूड सांकेतिक कोश ठेवत. अख्ख्या वाक्यासाठी एक शब्द ठरलेला. पाठवणाऱ्याने कोशात बघून शब्द निवडायचा, घेणाऱ्याने कोशात बघून वाक्य उलगडायचे. पुढे संगणकाच्या खिडकीत कोड शोधणारे आपण त्या मुनिमांचेच वारसदार आहोत.

आवाज परदेशी पोहोचायला मात्र वेळ लागला. १९२७ मध्ये खडकी आणि दौंड येथील केंद्रांवरून इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली आणि १९३३ मध्ये लंडनशी रेडिओ टेलिफोन. स्वातंत्र्यानंतर परदेशी दळणवळण सरकारच्या ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसकडे आले. पण सामान्य माणसासाठी परदेशी फोन म्हणजे ट्रंक कॉल होता. एक्स्चेंजला नंबर नोंदवायचा आणि वाट पाहत बसायचे. देशातल्या देशातही तीच तऱ्हा. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉलचे तीन प्रकार होते. लाइटनिंग कॉल लावला म्हणजे घरात कोणीतरी गेले, असेच लोक समजायचे.

त्या काळात देशाला नंबरची गरज नव्हती, कारण मध्ये माणूस होता. ऑपरेटरला "जेद्दा" म्हटले की तो समजायचा. यंत्राला "जेद्दा" समजत नाही, त्याला अंक लागतात. भारतात १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्यात पहिली एसटीडी सेवा सुरू झाली. १९७१ मध्ये आर्वीचे उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. (ही आर्वी आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातली नव्हे, पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळची.) १९७६ मध्ये मुंबईहून लंडनला ऑपरेटरशिवाय थेट फोन लागू लागला. या दिवसाची तयारी जिनिव्हात आधीच झालेली होती.

जगाचे नऊ भाग

१९६४ मध्ये आयटीयूच्या टेलिफोन समितीने जगाची विभागणी नऊ पट्ट्यांत केली. उत्तर अमेरिकेला १ मिळाला, आफ्रिकेला २. युरोपात देश पुष्कळ आणि टेलिफोनही पुष्कळ, म्हणून त्यांना ३ आणि ४ असे दोन पट्टे. दक्षिण आणि मध्य अमेरिकेला ५, आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडच्या बेटांना ६, सोव्हिएत संघाला अख्खा ७, पूर्व आशियाला ८. आणि तुर्कस्तानपासून ब्रह्मदेशापर्यंतच्या आपल्या मुलखाला ९.

आपली रांग बघा. तुर्कस्तान ९०, भारत ९१, पाकिस्तान ९२, अफगाणिस्तान ९३, श्रीलंका ९४, म्यानमार ९५, इराण ९८. मधल्या ९६ आणि ९७ मध्ये तीन-तीन अंक देऊन अरब देश बसवले: लेबनॉन ९६१, जॉर्डन ९६२, सीरिया ९६३, इराक ९६४, कुवेत ९६५, सौदी ९६६, ओमान ९६८. नेपाळ ९७७ आणि भूतान ९७५ हेही याच घरात.

काहींना दोन अंक आणि काहींना तीन का, याचे उत्तर व्यवहारी आहे. पूर्ण आंतरराष्ट्रीय नंबरच्या लांबीला मर्यादा असते, आज ती १५ अंकांची आहे. ज्या देशात पुढे भरपूर फोन होतील असे वाटले, त्याला छोटा कोड दिला, म्हणजे देशातल्या नंबरला जागा जास्त उरते. दुसरा नियम त्याहून सुंदर आहे. कोणताही कोड दुसऱ्या कोडची सुरुवात असत नाही. यंत्र एकेक अंक ऐकत जाते. ९ आला, मग १ आला, की त्याला कळते की हा भारत. ९१ ने सुरू होणारा दुसरा देश नाहीच. पण ९ नंतर ६ आला तर ते तिसऱ्या अंकासाठी थांबते, कारण तिथे दहा घरे आहेत. शोधणारा प्रोग्रामही आतून एवढेच करतो.

नियम व्यवहारी असले तरी वाटप करणाऱ्यांचे डोळे १९६४ चे होते. आफ्रिकेतले कितीतरी देश तेव्हा नुकतेच स्वतंत्र झाले होते. त्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला तीन अंकी कोड आले. दोन अंकी कोड आज त्या खंडात फक्त इजिप्त (२०) आणि दक्षिण आफ्रिका (२७) यांच्याकडे आहेत. त्या काळी दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचे राज्य होते, फोनही मुख्यतः त्यांच्याच घरी. सत्ता आणि सोय कुणाकडे होती, ते कोडच्या लांबीवरून दिसते.

गेलेले आणि आलेले नंबर

या यादीत नंबर मरतात आणि जन्मतात. पूर्व जर्मनीचा कोड ३७ होता. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या, सगळ्यांचा कोड पश्चिमेचा ४९ झाला आणि ३७ चे घर रिकामे पडले. त्याच सुमारास सोव्हिएत संघ फुटला. मग त्या रिकाम्या घरात खोल्या पाडल्या गेल्या: लिथुआनिया ३७०, लॅटव्हिया ३७१, एस्टोनिया ३७२. मध्य आशियातली मुस्लिम प्रजासत्ताके आपल्या रांगेत आली. ताजिकिस्तानला ९९२ मिळाला, उझबेकिस्तानला ९९८. समरकंद आणि बुखारा हजारो वर्षे ज्या जगाचा भाग होते, त्या जगात निदान फोनच्या नंबरने परत आले. कझाकस्तान मात्र अजून रशियाच्याच ७ मध्ये आहे.

चेकोस्लोव्हाकिया १९९३ च्या पहिल्या दिवशी दोन देशांत वाटला गेला, पण ४२ हा कोड दोघे भाऊ १९९७ पर्यंत सामाईक वापरत राहिले. मग ४२० आणि ४२१. वाटणीनंतरही काही वर्षे विहीर एकच राहावी, तसे. दक्षिण येमेनचा ९६९ हा १९९० मध्ये दोन येमेन एक झाल्यावर संपला. पूर्व पाकिस्तानातून बांगलादेश झाला तेव्हा त्याला ८८० मिळाला. भारत, पाकिस्तान, नेपाळ, भूतान, श्रीलंका सगळे नऊच्या रांगेत आणि बांगलादेश एकटा आठच्या रांगेत, चीन-जपानच्या बाजूला.

कोसोवोने २००८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले. त्यांना स्वतःचा कोड नव्हता. घरच्या फोनला सर्बियाचा कोड आणि मोबाइलला मोनॅको आणि स्लोव्हेनियाचे उसने कोड, अशी त्यांची अनेक वर्षे गेली. २०१६ मध्ये त्यांना ३८३ मिळाला. ज्यांना लहानपणापासून कोड आहे, त्यांना त्याचे मोल कळत नाही.

पॅलेस्टाइनची गोष्ट यापेक्षा लांब आहे. ९७२ इस्रायलचा. ९७० हा कोड पॅलेस्टिनींच्या नावाने १९९० च्या दशकाच्या शेवटी लागला. म्हणजे तक्त्यात घर मिळाले. पण नुसत्या कोडने फोन लागत नाही, त्याला लहरी लागतात आणि लहरींवर ताबा इस्रायलचा. पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅलेस्टिनी कंपन्यांना ३जी सेवा द्यायची मुभा २०१८ मध्ये मिळाली. तोवर आपल्या यवतमाळच्या बाजारात पोरे ४जी वर सिनेमे बघत होती. तक्त्यात नाव असणे आणि प्रत्यक्षात देश असणे यांत किती अंतर असू शकते, ते ९७० सांगतो.

पैनगंगेच्या दोन काठांवर

आता जगाचा फेरा सोडून घरी येऊ. यवतमाळ जिल्हा वऱ्हाडाचा भाग. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, तो कर्जाच्या आणि फौजेच्या खर्चापोटी. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बोलीवर कायमचा पट्टा करून घेतला. १९३६ मध्ये निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला आणि निजाम 'हैदराबाद आणि बेरार'चा निजाम म्हणवला जाऊ लागला. उमरखेड, पुसद, दारव्हा, वणी इथल्या लोकांनी तो राजपुत्र राज्य करताना कधी पाहिला नाही. तेव्हा जर देशांच्या कोडचा तक्ता असता, तर आपल्याला कोणत्या घरात टाकले असते?

या प्रश्नाचे उत्तर नदीवर मिळायचे. जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगा आहे. अलीकडे इंग्रजी अंमल, पलीकडे निजामाचे राज्य. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली. अलीकडे बादशहाच्या चेहऱ्याचे पोस्टाचे तिकीट. पलीकडे निजामाचे, ज्यावर उर्दूबरोबर देवनागरी, तेलुगू आणि इंग्रजी अक्षरे असत. निजामाचे तिकीट त्याच्या राज्यापुरतेच चाले. माहूरच्या माणसाला पुसदच्या सोयऱ्याला पत्र घालायचे तर त्यावर इंग्रजी हद्दीचे तिकीट हवे. नदी तीच, बोली जवळपास तीच. रेणुकामातेच्या आणि सोनापीर दर्ग्याच्या यात्रेला दोन्ही काठांचे लोक जात. सरकारे मात्र दोन होती.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात सामील झाले. १९५६ मध्ये ते राज्य भाषेवार वाटले गेले. नांदेड मुंबई राज्यात आले, आदिलाबाद आंध्रात गेले. विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला सगळे मिळून महाराष्ट्र झाला. आता पैनगंगेच्या बऱ्याच लांबीवर दोन्ही काठ एकाच राज्यात आहेत. जुनी हद्द संपली, असे आपण समजतो.

पण एसटीडी कोडचा तक्ता काढून बघा. यवतमाळ ०७२३२, पुसद ०७२३३, दिग्रस ०७२३४, पांढरकवडा ०७२३५, वणी ०७२३९. नागपूर ०७१२, अमरावती ०७२१, अकोला ०७२४. सगळा विदर्भ ०७ मध्ये. आणि ०७ मध्ये आणखी कोण? भोपाळ ०७५५, इंदूर ०७३१, रायपूर ०७७१. म्हणजे आजचा मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. मुंबई, पुणे, नाशिक, औरंगाबाद हे ०२ मध्ये. नदी ओलांडून नांदेडला गेलो की ०२४६२. पांढरकवड्याहून महामार्गाने दक्षिणेला आदिलाबादला उतरलो की ०८७३२. कोड ठरवणाऱ्या इंजिनिअरांनी इतिहास समोर ठेवून हे केले नसणार. त्यांनी तारा कोणत्या मोठ्या एक्स्चेंजकडे जातात तेवढेच पाहिले असेल. पण तारा जुन्या रस्त्यांनी जातात आणि रस्ते जुन्या राजधान्यांकडे. सी. पी. अँड बेरार प्रांताची राजधानी नागपूर होती. तो प्रांत नकाशावरून गेला, आपल्या फोनच्या पहिल्या दोन अंकांत राहिला.

पिनकोडचीही तीच गोष्ट. पिनकोडची कल्पना एका मराठी माणसाची. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. १५ ऑगस्ट १९७२ पासून त्यांची सहा अंकांची पद्धत सुरू झाली. आयटीयूने जगाचे केले तेच त्यांनी देशाचे केले. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा टपाल वर्गवारीच्या जिल्ह्याचा. यवतमाळ ४४५००१. विदर्भ ४४, नांदेड ४३. पैनगंगेवरची रेघ इथेही तशीच.

बूथमधला तक्ता

१९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदांच्या काळात देशी एक्स्चेंज गावोगाव पोहोचली आणि पिवळ्या पाटीचे बूथ उगवले. आमच्या पुसदलाही ते आले. आमच्या मोहल्ल्याच्या तोंडावर एक बूथ होता आणि शाळा-कॉलेजच्या दिवसांत मी तिथे संध्याकाळी काही महिने बसलो आहे. लाल अंक पळवणारे मीटर, कर्रकर्र आवाज करत बिल छापणारा छोटा प्रिंटर आणि भिंतीवर तो तक्ता.

यवतमाळ जिल्हा म्हणजे कोकण किंवा केरळ नव्हे. तिथे घरटी एक माणूस आखातात. आपल्याकडे मोहल्ल्यात चार-दोन. कोणी रियाधला वायरमन, कोणी जेद्दाला ड्रायव्हर, कोणी शारजाला गवंडी. पण त्या चार-दोघांच्या घरच्यांना ९६६ आणि ९७१ हे आकडे पाठ होते. अक्षरओळख नसलेली खाला येऊन म्हणायची, "बेटा, शून्य शून्य नऊसो छासठ लगा." रात्री दर उतरत, म्हणून रात्री गर्दी. जेद्दा आपल्यापेक्षा अडीच तास मागे, दुबई दीड तास. कामावरून माणूस खोलीवर परतला असेल का, याचा हिशेब बायका बोटांवर करत.

मुख्य घोटाळा शून्याचा व्हायचा. तिकडचा माणूस पुसदला फोन लावताना ९१ नंतर ०७२३३ फिरवायचा आणि फोन लागायचा नाही. ते शून्य देशातल्या देशात बाहेरगावी जाण्यासाठी. बाहेरून येताना ते गाळायचे, ९१ ७२३३ आणि पुढे नंबर. इथून परदेशात लावताना उलट दोन शून्ये. कागदाच्या चिठ्ठ्यांवर हे लिहून सौदीला पत्रातून पाठवलेले मी पाहिले आहे. आज नंबरच्या आधी अधिकचे चिन्ह लावले की काम होते. ते चिन्ह म्हणजे "तुमच्या देशात बाहेर पडण्याचे जे दार असेल ते उघडा" एवढाच अर्थ आहे.

फोनच्या अंकांबरोबर अक्षरांचा कोडही हळूहळू घरात आला, तो पासपोर्टमधून. १९७४ पासून आयएसओ ही संस्था देशांना अक्षरांचे कोड देते. भारत दोन अक्षरांत 'आयएन', तीन अक्षरांत 'आयएनडी', अंकांत ३५६. सौदीने 'एसए' आधीच घेतल्याने दक्षिण आफ्रिकेला 'झेडए' मिळाले. आपल्या पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांच्या सुरुवातीलाच 'आयएनडी' असते. पूर्वी हज कमिटीतर्फे जाणाऱ्यांना हजपुरता वेगळा पास मिळायचा. २००९ पासून सौदीने आंतरराष्ट्रीय पासपोर्ट सक्तीचा केला. त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी साठी-सत्तरीत पहिल्यांदा पासपोर्ट काढला. दिल्ली-मुंबई न पाहिलेल्या माणसाच्या हातात एक पुस्तिका आली, ज्यात तो कोणत्या देशाचा हे तीन अक्षरांत लिहिलेले. अनेकांसाठी ती हजसाठी होती. जमिनीचा सातबारा ठेवतात तशी ती नंतर कपाटात जपून ठेवली गेली.

संगणकाची खिडकी

बूथचे सायबर कॅफे झाले आणि भिंतीवरचा तक्ता संगणकात गेला. तो छोटा प्रोग्राम मला आवडायचा. एका ओळीत देश, फोनचा कोड, आयएसओची अक्षरे, राजधानी, वेळेतला फरक. नेट नसतानाही चालायचा. फॉर्म भरायला आलेली मुले, व्हिसाची कागदपत्रे घेऊन आलेले वडीलधारे, मिस्ड कॉल कुठून आला हे विचारायला आलेली एखादी आई, सगळ्यांचे काम त्या एका खिडकीत व्हायचे.

पण तो प्रोग्राम चालवतानाच त्याच्या मर्यादाही कळत. १ टाकले की अमेरिका म्हणून मोकळे होता येत नाही. कॅनडा आणि कॅरिबियन बेटेही त्यातच, पुढचे तीन अंक बघावे लागतात. २१२ टाकले की मोरोक्को येतो, पण पश्चिम सहाराचे फोनही त्याच कोडवर. आयएसओच्या यादीत मात्र पश्चिम सहाराला स्वतःची दोन अक्षरे आहेत. एकाच ओळीत एक रकाना म्हणतो हा वेगळा मुलूख आहे, शेजारचा म्हणतो नाही. शोधणाऱ्याला वाटते प्रोग्राम चुकला. प्रोग्राम बरोबरच असतो, जगाचेच एकमत झालेले नसते.

आणि नंबरचा आता जागेशी पूर्वीइतका संबंधही उरलेला नाही. इंटरनेटवरून कुठल्याही देशाचा नंबर घेता येतो आणि कुठेही बसून वापरता येतो. २०२३ मध्ये देशभर व्हॉट्सअॅपवर ८४, ६२, २२३ अशा कोडवरून फसवे फोन आले. व्हिएतनाम, इंडोनेशिया, माली. ते करणारे त्या देशांत बसले होते असे मुळीच धरता येत नाही.

९१ आणि ९२

हे सगळे लिहिण्यामागे एक कारण आहे. नऊच्या रांगेत आपल्या शेजारी ९२ आहे. २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने सूचना काढली की ९२ पासून सुरू होणाऱ्या परदेशी नंबरांवरून, सरकारी खात्याचे नाव सांगून, लोकांना धमकावले जाते, त्यांच्यापासून सावध राहा. सूचना योग्य होती. फसवणूक खरी होती, लोकांचे पैसे गेले. मीही घरात सगळ्यांना हेच सांगतो.

पण आमच्यासारख्या काही घरांत ९२ चा आणखी एक अर्थ आहे. फाळणीनंतर वऱ्हाडातली काही मुस्लिम कुटुंबे कराचीला गेली. कराचीत आजही सी. पी. अँड बेरार सोसायटी नावाची वस्ती आहे. जो प्रांत आपल्या नकाशातून १९५६ पर्यंत पूर्ण पुसला गेला, त्याचे नाव अरबी समुद्राकाठच्या एका परक्या शहरात घरांच्या पत्त्यावर लिहिले जाते. आमच्या दादाजानच्या एका चुलतभावाचे कुटुंब तिकडे गेले. आधी पत्रे येत, उर्दूत, सुरुवातीला सगळ्या मोहल्ल्याची नावे घेऊन सलाम. मग बूथ आला आणि ईदला दोन-तीन मिनिटांचा फोन. वऱ्हाडी ढंगाची उर्दू बोलणारी एक म्हातारी कराचीहून विचारायची, यंदा पाऊस कसा आहे, कापूस कसा आहे, पूस नदीला पाणी आहे का. राजकारणाचा शब्द नसे. पैसे पळत असताना राजकारण कोण बोलेल?

आता फोन फुकट आहे आणि कोणी लावत नाही. ती म्हातारी गेली, तेव्हा बातमी दुबईच्या एका नातेवाइकाकडून आली, ९७१ वरून. तिच्या मुलाचा नंबर आमच्या घरात एकाने पुसून टाकला. त्याचे मुलगे नोकरीच्या वयाचे आहेत. उद्या कोणी मोबाइल बघितला तर काय सांगायचे, हा त्याचा प्रश्न. मी त्याला दोष देत नाही. पण ९२ दिसताच ज्या वेगाने आपला चेहरा बदलतो, तो वेग शासकीय सूचनेमुळे आलेला नाही. तो त्याच्या आधीपासूनचा आहे. आणि शेजारच्या हिंदू मित्राच्या मोबाइलवर ९२ चा फसवा फोन आला तर तो फक्त फसवणूक असतो. माझ्या मोबाइलवर तोच फोन आला तर तो पुरावा ठरेल की काय, ही भीती माझ्या वाट्याला जास्त येते.

ऑक्टोबर २००५ मध्ये काश्मीरच्या दोन्ही बाजूंना भूकंपाने हजारो माणसे गेली, तेव्हा जम्मू-काश्मीरमधून नियंत्रण रेषेपलीकडे फोन लावायला सरकारने मुभा दिली. अनेक वर्षे बंद असलेले दार उघडले. लोक सरकारी केंद्रांवर रांगा लावून उभे राहिले, पलीकडचे आपले जिवंत आहेत का एवढेच विचारायला. देशाचे रक्षण करणाऱ्या सरकारलाही तेव्हा हे मान्य होते की नंबर शत्रुदेशाचा असला तरी फोन उचलणारी बहीण असू शकते.

शाळेत इतिहासाच्या तासाला नकाशा टांगतात, तसा हा तक्ताही टांगावा असे मला वाटते. मुलांना विचारावे, ३७ कुठे गेला? ९७० ला घर मिळूनही दार का लागत नाही? पुसदचा कोड भोपाळच्या रांगेत आणि नांदेडचा मुंबईच्या रांगेत का? सनावळ्या पाठ करण्यापेक्षा या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना मुले जास्त इतिहास शिकतील. आणि तक्ता कुठवर सांगतो, हेही त्यांना कळावे. तो पहिल्या दोन-तीन अंकांपुरता बोलतो. भारताच्या मोबाइल नंबरात ९१ नंतर दहा अंक असतात. पाकिस्तानच्या मोबाइल नंबरात ९२ नंतरही दहाच. बोलणारा माणूस कोण, हे कळायला ते दहा अंकही पुरत नाहीत. त्यासाठी फोन उचलून सलाम घ्यावा लागतो आणि पलीकडून कोण बोलतेय ते ऐकावे लागते.